हूड असलेला गाळा

गाळा बघायला गेलं की माणूस आधी काच बघतो, पाटी कुठे लागेल ते बघतो, गाड्या लावायला जागा किती ते मोजतो. मिसळीच्या दुकानासाठी गाळा शोधताना पहिले दोन-तीन महिने मीही तेच केलं. आता सवय पार बदलली आहे. अमेरिकेतल्या आमच्या कोलंबस शहरात कुठल्याही स्ट्रिप मॉलवरून, म्हणजे रस्त्याकडेच्या दुकानांच्या बसक्या रांगेवरून, जाताना माझी नजर थेट छपरावर जाते. सपाट छपरावर कुत्र्याच्या छत्रीसारखा ॲल्युमिनियमचा पंखा उगवलेला दिसला की समजायचं, खाली कुणीतरी तळतंय, किंवा कधीकाळी तळत होतं. शेजारी मुलगी बसलेली असली तर ओरडते, "आई, रस्त्याकडे बघ!"

त्या पंख्याखाली असतो हूड. घरातली चिमणी नव्हे. तेलाचा धूर खेचणारं स्टीलचं भलंमोठं धुराडं, त्यात काढून धुता येणाऱ्या जाळ्या, छपरापर्यंत गेलेली वेल्ड केलेली नळी आणि भडका उडाला तर आपोआप औषध फवारणारी यंत्रणा. नुसती कॉफी आणि गार सँडविचं विकणार असाल तर हे लागत नाही. वडा तळायचा असेल तर लागतंच. नवा हूड बसवायचा तर मला सांगितलेला आकडा एका बऱ्यापैकी नव्या गाडीएवढा होता. बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी ताजी हवा आत आणणारं मशीन वेगळं, आर्किटेक्ट वेगळा, परवाने वेगळे. आमची सगळी साठवण त्या नळीतून छपराबाहेर गेली असती.

आम्ही नाशिकहून २०११ साली इथे आलो. नवऱ्याची नोकरी शहराच्या उत्तर टोकाला, पोलॅरिसच्या बाजूला. पहिली दोन वर्षं अपार्टमेंट, मग घर. घर घेताना एजंटने एक वाक्य सांगितलं, जे इथल्या देशी मंडळींना गायत्री मंत्रासारखं पाठ असतं: "कोलंबसचा पत्ता, डब्लिनच्या शाळा." मला वाटलं, विकायची युक्ती असेल. पण ते खरंच तसं आहे. घर कोलंबस शहराच्या हद्दीत, मुलं मात्र डब्लिन या उपनगराच्या शाळेत.

हा प्रकार कसा झाला ते मला पुढे गाळा शोधताना कळलं. १९५० च्या दशकात जॅक सेन्सेनब्रेनर नावाचे महापौर होते. त्यांचं धोरण सरळ होतं: कोलंबसचं पाणी आणि सांडपाण्याची लाइन हवी असेल तर जमीन आधी कोलंबसमध्ये सामील करा. बाकीच्या अमेरिकेत जुनी शहरं उपनगरांच्या वेढ्यात अडकत होती तेव्हा कोलंबस पाइपलाइनच्या मागे मागे शेतं गिळत सुटलं. १९५० साली साधारण ४० चौरस मैलांचं शहर आज २२० च्या वर गेलंय. नकाशा पाहिलात तर पोळपाटावर पीठ सांडल्यासारखा दिसतो. मध्येच एखादं गाव बेटासारखं उरलेलं, मध्येच शहराची एक शेपटी लांबवर गेलेली. शहराची हद्द वाढली की शाळांचीही हद्द वाढायची का, यावर बरीच भांडणं होऊन १९८६ मध्ये तडजोड झाली, तिला इथे 'विन-विन' म्हणतात. त्यामुळे काही भाग शहराचे राहिले, पण शाळा उपनगराच्या. आमचं घर त्यातलं. या भागातली घरं देशी लोक का घेतात ते आता वेगळं सांगायला नको.

एक कबुली इथेच देऊन टाकते. २०१५ मध्ये आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावरचं शेत विकलं गेलं आणि तिथे दुकानांची रांग येणार अशी बातमी आली. शेजारीण अर्ज घेऊन दारात आली. गर्दी वाढेल, रात्री दिवे चमकतील, तळणाचा वास येईल. मी सही केली. दुकानं झाली नाहीत, तिथे आणखी बावन्न घरं झाली. पुढे आठ वर्षांनी मी गाळा शोधत फिरत होते आणि घराजवळ एकही नव्हता.

सासरे आले होते तेव्हा रोज संध्याकाळी फेरी मारायला निघत. परत येऊन पहिल्या आठवड्यातच म्हणाले, "इथं रस्त्यावर माणूसच चालत नाही, तर दुकान काय चालणार?" तेव्हा हसलो होतो.

सुरुवात मिसळीने झाली नाही, चिक्कीने झाली. ओहायोत घरच्या स्वयंपाकघरात करून विकायचे काही पदार्थ विनापरवाना चालतात. बिस्किटं, पाव, जॅम, कँडी असे, बाहेर ठेवले तरी न नासणारे. नानखटाई बेकरीत मोडते, चिक्की कँडीत. लेबलवर घटक, वजन, पत्ता आणि 'हा पदार्थ घरी तयार केला आहे' अशा अर्थाची ओळ छापली की झालं. दोन दिवाळ्या मी हे केलं. पण लोक विचारायचे ते मिसळीबद्दल. मंडळाच्या पिकनिकला एकदा शंभर माणसांची केली होती, तेवढ्यावर माझी ख्याती. मिसळ घरून विकता येत नाही. शिजवलेली मटकी चार तास बाहेर राहिली की कायद्याच्या नजरेत ती संशयित असते.

मग तासावर भाड्याने मिळणारं एक सामायिक किचन धरलं, शहराच्या पूर्वेला, घरापासून पस्तीस मिनिटांवर. केटरिंगचा परवाना काढला. शनिवारी एका ब्रूअरीच्या अंगणात टेबल लावायचं. इथल्या ब्रूअऱ्या बिअर गाळतात, स्वयंपाक करत नाहीत, म्हणून बाहेरचे खाद्यवाले बोलावतात. तिथे मला कोलंबसचा गिऱ्हाईक कळला. हा माणूस भांडत नाही. तिखट लागलं तरी "इंटरेस्टिंग" म्हणतो आणि डोळे पुसतो. पुढच्या शनिवारी येतो आणि म्हणतो, "मागच्यासारखं नको, थोडं कमी."

हे शहर तसं साखळी हॉटेलांचं माहेरच. वेंडीजचं पहिलं दुकान १९६९ मध्ये इथे डाउनटाउनला ब्रॉड स्ट्रीटवर निघालं, आणि तिचं मुख्यालय आता डब्लिनमध्ये आहे. व्हाइट कॅसलने १९३४ मध्ये कॅन्ससमधून आपलं बिऱ्हाड इथे हलवलं. नवा बर्गर देशभर काढण्याआधी कोलंबसकरांना चाखायला द्यायचा ही जुनी रीत. इथली चव देशाची सरासरी मानली जाते. त्याचा एक परिणाम रोज दिसतो. शहराभोवतीचा रिंगरोड, आय-२७०, त्याच्या कुठल्याही एक्झिटला उतरा: त्याच सात पाट्या, त्याच क्रमाने. हायवेवर झोप लागली आणि एक्झिट चुकला तर जेवणावरून तुम्हाला कळणार नाही की आपण शहराच्या पूर्वेला आहोत की पश्चिमेला.

जर्मन व्हिलेजमध्ये मात्र कळतं. विटांचे रस्ते, विटांची घरं. १९६० च्या आसपास ती पाडायच्याच बेतात होती, रहिवाशांनी वाचवली. तिथे श्मिट्झ नावाचं हॉटेल आहे, जुन्या घोड्यांच्या तबेल्यात. बहामा मामा नावाचं तिखट सॉसेज आणि दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा क्रीम पफ. (मी शाकाहारी, पण पफवर माझा आक्षेप नाही.) ते घराणं १८८६ पासून मांसाच्या धंद्यात. नवरा म्हणाला, "बघ, जुनी जागा टिकली म्हणून हॉटेल टिकलं." मी म्हटलं, "ते जागेचे मालक असतील, आपण भाडेकरू."

२०२३ च्या फेब्रुवारीपासून गाळा शोधायला लागलो. डाउनटाउनपासून सुरुवात केली, कारण शहर म्हटलं की मध्यभागी गर्दी असणार हे डोक्यात नाशिकच्या मेन रोडसारखं पक्कं. १९८९ मध्ये तिथे सिटी सेंटर नावाचा मोठा मॉल झाला होता, वीस वर्षांत बंद पडला, पाडला, आणि त्या जागी आता कोलंबस कॉमन्स ही बाग आहे. बाग छान आहे. दुपारी बारा ते एक माणसं दिसतात, पाच वाजता सगळी गॅरेजमधून गाड्या काढून रिंगरोडकडे. ऑफिसं अर्धी घरून चालणारी. दुपारच्या एका तासावर भाडं निघेना.

शॉर्ट नॉर्थमध्ये गर्दी आहे, रात्रीही. तिथे एक गंमत आहे: आय-६७० हायवेवरच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना २००४ मध्ये दुकानं आणि रेस्टॉरंटं बांधली. खालून ट्रक जातात, वर लोक जेवतात, आणि आपण पुलावर आहोत याचा पत्ताही लागत नाही. दर्शनी भाग जुन्या युनियन स्टेशनच्या धर्तीवर केलाय. ते स्टेशन पाडलं, आणि १९७९ पासून या शहराला प्रवासी रेल्वे नाही. स्टेशन गेलं ते गेलं, त्याच्या नकलेच्या आसपासचं भाडं ऐकून आम्ही कॉफीदेखील न पिता परतलो.

मग उपनगर. नदीकाठची नवी वसाहत, खाली दुकानं वर घरं, चालायला फरसबंदी, झाडांना दिवे. मला मनापासून आवडली. इतकी वर्षं ज्यासाठी जीव तळमळला ते इथे कुणीतरी हजार पार्किंगच्या गॅरेजसकट उभं केलं होतं. भाडेपट्ट्याचं काम बघणारी मुलगी गोड होती. तिने 'कन्सेप्ट डेक' मागितला. नंतर कळलं, म्हणजे रंगीत चित्रांचा आराखडा. तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न, घराची वैयक्तिक हमी, हे सगळं ठीक. मग मी हूडचं विचारलं. ती म्हणाली, वर चार मजले घरं आहेत, त्यामुळे नळी पाचव्या मजल्याच्या छतापर्यंत न्यावी लागेल, तशी जागा इमारतीत फक्त दोन गाळ्यांना ठेवली आहे आणि ते दोन्ही गेलेत. एक स्टेकवाल्याने घेतलाय, एक बर्गरवाल्याने. "तुम्ही दही-आइस्क्रीमसारखं काही कराल का?"

कराराचा नमुना तिने तरीही पाठवला. त्यात एक कलम होतं की आसपासच्यांना त्रासदायक होईल असा वास गाळ्यातून येता कामा नये. सगळ्याच करारांत असतं म्हणे. मी ते वाचत असताना घरात मोहरी-हिंगाची फोडणी नुकतीच पडली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी उठून खिडकी उघडली. या एका गोष्टीचा मला आजही राग आहे. त्या मुलीचा नाही, स्वतःचा.

डोळे उघडले ते मोर्स रोडवर. तो शहराचा ईशान्य भाग. १९६४ मध्ये तिथे नॉर्थलँड मॉल निघाला तेव्हा तो भाग म्हणजे शहराची नवी श्रीमंत कड होती. मग रिंगरोडच्या पलीकडे आणखी नवे मॉल झाले, गिऱ्हाईक पुढे सरकलं, २००२ मध्ये नॉर्थलँड बंद. शेताच्या जागी झालेलं उपनगर असं एका पिढीत म्हातारं होतं. पण दुकानं रिकामी पडली म्हणून भाडी उतरली, आणि भाडी उतरली म्हणून सोमाली आले, नेपाळी आले, मेक्सिकन आले. मिनियापोलिसखालोखाल अमेरिकेतली मोठी सोमाली वस्ती इथलीच. सरागा नावाचं प्रचंड किराणा दुकान आहे, पूर्वी तिथे टॉइज आर अस होतं. खेळण्यांच्या जागी आता फणस, बकऱ्याची मुंडकी, पंचवीस प्रकारचे तांदूळ. आणि त्यात एका कोपऱ्यात मोमो घर नावाची खाणावळ. आम्ही झोल मोमो खाल्ले, नाकातून पाणी, आणि मी वर बघितलं. हूड.

काउंटरजवळ एक नेपाळी बाई रांगेत होती, तिचंही कुठे तरी छोटं किचन होतं. मी गाळा शोधतेय म्हटल्यावर तिने मला वेड्यात काढलं. "दिदी, नवीन बिल्डिंग मत देखो. मरा हुआ रेस्टॉरंट देखो."

मेलेलं रेस्टॉरंट. इथले दलाल त्यालाच जरा सभ्य भाषेत 'सेकंड जनरेशन' जागा म्हणतात. आधीच्याने हूड बसवलेला असतो, जमिनीखाली ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी, असते, तीन कप्प्यांचं सिंक असतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पार्किंगचं गणित आधीच सुटलेलं असतं. जुन्या नियमांत कपड्यांच्या दुकानाला जेवढ्या गाड्यांची जागा लागे त्यापेक्षा रेस्टॉरंटला बरीच जास्त. कपड्याचं दुकान घेऊन खाणावळ करायची तर गाडीतळ वाढवा, नाहीतर सवलत मागायला सुनावणीला उभे राहा. आधीच रेस्टॉरंट असलेल्या जागेला तो फेरा नाही. म्हणून परदेशी जेवण इथे नेहमी कुणाच्या तरी जुन्या जागेत भेटतं. जेवणाचा सांस्कृतिक नकाशा वगैरे लोक काढतात. मला विचाराल तर तो हूडचा नकाशा आहे.

बेथेल रोड आणि हेंडरसन रोडचा पट्टा घराकडून वीस मिनिटांवर. सत्तर-ऐंशीच्या दशकातले बसके स्ट्रिप मॉल, पुढे डांबराचं मैदान. दिसायला काही नाही. पण कोरियन, चिनी, व्हिएतनामी, इथिओपियन, सगळे इथेच. केनी सेंटरमध्ये अख्खं जपान आहे: तेनसुके मार्केट, अकाई हाना, शेजारी बेकरी. मिसळवालीला जपानशी काय देणंघेणं? पण कारण ऐकण्यासारखं आहे. होंडाने १९७९ मध्ये मेरिसव्हिलला मोटरसायकली आणि १९८२ मध्ये गाड्या बनवायला सुरुवात केली, जपानी कुटुंबं डब्लिनच्या आसपास राहायला आली, आणि त्यांच्या भाताची सोय या जुनाट मॉलमध्ये झाली. कारखाना शेतात, घर उपनगरात, जेवण मोडकळीच्या मॉलमध्ये. तिन्हींच्या मध्ये वीस-पंचवीस मैल आणि गाडी.

आमचा गाळा याच पट्ट्यात मिळाला, बाराशे चौरस फूट. मालक सत्तरीचे, फोनवर कमी बोलणारे. आधी तिथे टाकोवाला होता, त्याच्याआधी चिनी टेकआउट, त्याच्याआधी तळलेले मासे. हे मला मालकांनी नाही, हूडने सांगितलं. इथे हूड साफ करणारी माणसं काम झालं की पत्र्यावर तारखेचं स्टिकर चिकटवतात. जुनं काढायची तसदी कुणी घेत नाही. एकावर एक, तिरके, तेलाने पिवळे पडलेले. नखाने एक कड सोलली तर खाली १९९८. नवऱ्याने बॅटरी धरली होती, तो म्हणाला, "सातबारा वाचतेयस की काय?"

भाडं बाहेरून स्वस्त वाटलं. पण करार 'ट्रिपल नेट', म्हणजे भाड्याशिवाय मालमत्ता कर, विमा आणि आवाराची देखभाल यातला आपला वाटा वेगळा. हिवाळ्यात बर्फ काढायचाही. जानेवारीत एकही गिऱ्हाईक आलं नाही तो दिवस, आणि त्या दिवसाच्या बर्फाचं बिल, दोन्ही माझ्या वहीत एका पानावर आहेत.

सही करण्याआधी हद्द तपासली. हे सगळ्यांना सांगते. सॉमिल रोडवर काही ठिकाणी रस्त्याची एक बाजू कोलंबस आणि दुसरी डब्लिन. शहर बदललं की आरोग्य खातं बदलतं. कोलंबसला शहराचं, डब्लिनला फ्रँकलिन काउंटीचं, आणि जरा उत्तरेला पॉवेलमध्ये गेलात तर डेलावेअर काउंटीचं. नकाशावरच्या त्या सांडलेल्या पिठाचा हिशेब असा चुकवावा लागतो.

पुढचे चार महिने कागदांचे. किचनचा आराखडा आरोग्य खात्याकडे: कुठलं उपकरण कुठे, हात धुण्याचं सिंक कुठे, भिंतीला रंग कुठला. हात धुण्याच्या सिंकमध्ये फक्त हात. कोथिंबीरही नाही. अन्नसुरक्षेचा कोर्स केला. आग विझवण्याच्या यंत्रणेची तपासणी, जी दर सहा महिन्यांनी करायची असते. परवान्याचं वर्ष फेब्रुवारीअखेर संपतं. मार्चएंडची आपल्याला सवय, हा त्याचा धाकटा भाऊ.

आणि मग तो तपासणीचा दिवस. अधिकारी शांत, वयाने माझ्यापेक्षा लहान, खिशात सळईसारखा थर्मामीटर. सिंकमधल्या पाण्यात कागदी पट्टी बुडवून क्लोरिन बघितलं, फ्रिज ४१ फॅरनहाइटच्या खाली आहे ना बघितलं. मग पदार्थ कसा करता ते सांगा म्हणाला. मी रंगात आले. कांदा-खोबरं भाजून वाटण, मसाला, कट उकळून वर तर्री आली की गॅस बंद. "आणि मग," मी म्हटलं, "रात्रभर झाकून ठेवला की दुसऱ्या दिवशी खरा मुरतो."

त्याचं पेन थांबलं.

"झाकून कुठे?"

"ओट्यावर."

नवऱ्याने मागून हळूच खोकून दाखवलं. पुढची वीस मिनिटं त्याने मला, अजिबात आवाज न चढवता, समजावलं. गरम ठेवायचं तर १३५ फॅरनहाइटच्या वर. गार करायचं तर १३५ वरून दोन तासांत ७० ला आलं पाहिजे, आणि तिथून पुढच्या चार तासांत ४१ ला. मधल्या पट्ट्यात रेंगाळायचं नाही. माझा कट चाळीस लिटरच्या पातेल्यात असतो, आणि वरची तर्री गोधडीसारखी उष्णता धरून ठेवते. पहिल्या वेळी दोन तासांत जेमतेम १०० वर आला. आता दोन इंच खोल ट्रेंमध्ये ओततो आणि बर्फ भरलेल्या प्लॅस्टिकच्या दांड्याने ढवळतो. मुरतो तो फ्रिजमध्ये. सांगायला वाईट वाटतं, पण चवीत फरक नाही. माझ्या आईला हे कळवलेलं नाही.

जाताना त्याने हिरवी पाटी दिली. कोलंबसमध्ये प्रत्येक खाण्याच्या जागेच्या दारावर अशी रंगीत पाटी असते, हिरवी म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे बंद. दुकानाच्या नावाची पाटी अजून आली नव्हती, त्यामुळे पहिले आठ दिवस आमच्या काचेवर तेवढीच.

पावाचं एक सांगायचं राहिलं. इथले गोडसर रोल मिसळीबरोबर चालत नाहीत, कट गोड लागतो. देशी दुकानातला गोठवलेला पाव कोरडा. शेवटी एका मेक्सिकन बेकरीतला मऊ पाव सापडला, पहाटे साडेपाचला मिळतो. बेकरीवाल्याला मिसळ नेऊन दिली. त्याने पाव बाजूला ठेवून ती टॉर्टियाबरोबर खाल्ली आणि वर लिंबू पिळलं. लिंबाचं आमचं जमलं.

गिऱ्हाईक कोण येईल याचे अंदाज साफ चुकले. पॉवेलच्या देवळातून रविवारी मराठी मंडळी येणार हे धरलं होतं. येतात, "ताई, कट वाढा" म्हणतात, बिलात सूट मागतात. पण आठवडाभर दुकान चालतं ते युनिव्हर्सिटीची मुलं, जवळच्या दवाखान्यातल्या नर्सेस आणि एक निवृत्त पोस्टमन यांच्यावर. पोस्टमन मंगळवारी येतो. या मॉलमधलं प्रत्येक दुकान त्याने टपाल टाकताना पाहिलंय. तळलेल्या माशांचं दुकान उत्तम होतं, चिन्यांचं बरं होतं, टाकोवाल्याने फार लवकर आशा सोडली, असा त्याचा अहवाल. आमच्याबद्दल अजून काही म्हणालेला नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये शहराने मुख्य रस्त्यांवरचे झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधता येईल त्याचे, नियम बदलले. पन्नासच्या दशकातली ती सगळी चौकट: एवढी उंची, एवढं अंतर, एवढ्या गाड्या. आता मोठ्या रस्त्यांवर काही ठिकाणी सोळा मजल्यांपर्यंत घरं चालतील आणि पार्किंगची किमान संख्या उडाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकांनी अर्धा टक्का विक्रीकर वाढवून जलद बससेवेच्या बाजूने कौल दिला. माझं मत बाजूने होतं. २०१० मध्ये ७,८७,००० असलेलं शहर २०२० मध्ये नऊ लाखांच्या वर गेलं. ती माणसं राहणार कुठे? न्यू ऑल्बनीकडे इंटेलने २०२२ मध्ये वीस अब्ज डॉलरच्या चिप कारखान्याची घोषणा केली, त्याची तारीख आता २०३०-३१ पर्यंत ढकललीय, पण आसपासच्या शेतांचे भाव काही त्याच्यासाठी थांबले नाहीत. घरं शेतात बांधण्यापेक्षा शहरात, डांबराच्या मैदानांवर बांधावीत, हे मला मनापासून पटतं. २०१५ मधल्या त्या सहीची थोडी भरपाईही होते.

फक्त ती डांबराची मैदानं म्हणजे कोण? आम्हीच. बसका मॉल, मोठा गाडीतळ, रुंद रस्ता, जवळून बस. पाडून बांधायला याहून चांगली जागा नाही. नव्या इमारतीत खाली दुकानं असतीलच. वर पाच मजले घरं असतील आणि हूडची नळी दोन गाळ्यांपुरती. माझ्या करारात सोळाव्या पानावर एक कलम आहे: मालकाने पुनर्विकास करायचा ठरवला तर सहा महिन्यांची नोटीस देऊन करार संपवता येईल. वकिलाने ते दाखवलं होतं. काढून टाका म्हटलं तर मालक म्हणाले, "मग भाडं वेगळं होईल." सही केली. सह्यांच्या बाबतीत मी अशीच.

गेल्या महिन्यात मंगळवारी सकाळी शटर उघडलं तर गाडीतळावर पिवळ्या जाकिटातला एक माणूस तिवईवर यंत्र लावून उभा. गवताच्या पट्ट्यात निळ्या आणि पिवळ्या छोट्या झेंड्या खोचलेल्या, निळी पाण्याची, पिवळी गॅसची. मोजणी. हा शब्द मराठी माणसाच्या पोटात कुठे लागतो ते मी सांगायला नको. मी चहाचा कप घेऊन बाहेर गेले. कुणासाठी मोजताय विचारलं. तो म्हणाला, त्याला फक्त कोपरे सांगितलेत, बाकी ठाऊक नाही. त्याने यंत्र वळवलं, आमच्या छपराच्या कडेवर रोखलं, वहीत काहीतरी लिहिलं.

बारा वाजता तो आत आला. कोपऱ्यातल्या टेबलावर पोस्टमन बसला होता, त्याच्यासमोरच बसला. मध्यम तिखट सांगितली, पहिल्या घासाला टोपी काढली, दुसऱ्याला जाकीट. दही मागितलं. मग आणखी एक पाव मागितला, आणि मी तो भाजायला हूडखाली गेले.